कॅमेरा किती वेळ थांबतो?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. सिनेमा.

सिनेमावर लिहायचा मला तसा काही अधिकार नाही. त्यातलं तंत्र मला कळत नाही, समीक्षा मी फारशी वाचत नाही. पण बावीस वर्षांच्या नोकरीत सिनेमे पाहिलेत ते भरपूर. बर्फातल्या पोस्टवर जनरेटरच्या आवाजात पाहिलेत, बॅरकच्या पांढऱ्या भिंतीवर पाहिलेत, सुट्टीच्या गाडीत शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये मान वाकडी करून पाहिलेत. शनिवारी युनिटमध्ये सिनेमा लागतो तेव्हा निवड आपल्या हातात नसते. युद्धपट, प्रेमकथा, भुताचा, विनोदी, देवादिकांचा, जो लागेल तो बघायचा. त्यामुळे आवडनिवड पक्की व्हायच्या आधीच सगळे प्रकार पोटात गेले. ही मतं माझी एकट्याची आहेत, फौजेची नाहीत, आणि कुणाचा आवडता सिनेमा दुखावला गेला तर राम राम घालून पुढे जावं.

सध्या पोस्टिंग वाराणसीला आहे. रविवारी आउटपास मिळाला की मी शिंदे घाटावर जातो. इथले लोक त्याला सिंधिया घाट म्हणतात. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई, म्हणजे कागलच्या घाटग्यांची लेक, यांनी 1830 च्या सुमारास तो बांधला. बांधकाम इतकं वजनदार झालं की घाटाचा काही भाग नदीत खचला. शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळही एका अंगाला कललेलं आहे आणि वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात ती या देवळापाशी. नवरीमुलगी ओढणी उडवते, फोटोग्राफर ओरडतो, आणि शंभर-दोनशे पावलांवर मणिकर्णिकेचा धूर वर जात असतो. फोटोत धूर येऊ नये म्हणून फोटोग्राफर कोन बदलत राहतो.

हे बघताना माझ्या डोक्यात जे बरेच दिवस घोळत होतं ते नीट जुळलं. सिनेमा बरा की वाईट हे ठरवायची माझी कसोटी एकच आहे. पडद्यावर माणूस मेला की त्यानंतर कॅमेरा किती वेळ थांबतो? आणि ज्या सिनेमात कुणी मरत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी काय होणार हे ठाऊक आहे का? मणिकर्णिकेवर मरण हे काम आहे. लाकडं तोलली जातात, भाव होतो, बांबूने चिता सारखी केली जाते, राख नदीत जाते, जागा मोकळी होते आणि पुढची तिरडी येते. घरच्यांची रडारड सुरू असतानाच कुणीतरी लाकडाचा हिशोब विचारतो. तो निर्दयी नसतो, त्याचं ते कामच असतं. फौजेत आम्ही हेच पाहिलेलं असतं. पण आमच्यावर निघालेल्या सिनेमात ते क्वचितच दिसतं.

म्हणून सुरुवात युद्धपटांपासून.

‘बॉर्डर’ 1997 चा. युनिटमध्ये तो किती वेळा लागला याचा हिशोब नाही. गाणं सुरू झालं की दगडासारखे उस्ताद डोळे पुसतात, मीही पुसलेत. पत्राची वाट बघणं, घरी जायची ओढ, रात्रीची वाळू, हे जे. पी. दत्तांनी चांगलं पकडलं. पण एक गोष्ट मला सलते. सुनील शेट्टीने ज्या भैरोसिंग राठोड यांची भूमिका केली, ते सिनेमात शहीद होतात. खरे भैरोसिंग राठोड, सीमा सुरक्षा दलाचे, डिसेंबर 1971 च्या लोंगेवालातून जिवंत परत आले. त्यांना सेना पदक मिळालं. सिनेमा आल्यानंतरही ते पंचवीस वर्षं जगले आणि डिसेंबर 2022 मध्ये जोधपूरला वारले. कल्पना करा, आपण गावात बसलोय, म्हशीला वैरण टाकतोय, आणि सगळा देश आपल्याला पडद्यावर मरताना बघून टाळ्या वाजवतोय. सिनेमाला शेवटासाठी मरण हवं होतं. जिवंत परतलेल्या माणसाचं काय करायचं हे त्याला सुचलं नाही. मला विचाराल तर लढून परत येणं आणि पुढे पन्नास वर्षं साधेपणाने जगणं, ही गोष्ट जास्त अवघड आहे आणि सिनेमा व्हायच्या लायकीचीही आहे.

‘उरी’ 2019 चा. त्यात तयारीचा भाग चांगला आहे, रात्रीची कारवाई श्वास रोखून बघावी अशी. तरुण पोरं तो बघून भरतीला येतात हेही मी पाहिलंय, आणि त्यात वाईट काही नाही. पण अंत्यसंस्काराचा प्रसंग संपला की सिनेमा लगेच पुढच्या कारवाईला लागतो. त्या घरात दुसऱ्या दिवशी चूल कुणी पेटवली, पोरीला शाळेत कुणी नेलं, यासाठी त्याच्याकडे वेळ नाही. दुःख हे जणू इंधन आहे, भरलं की गाडी सुटली.

युद्धपटांत माझ्या लेखी सगळ्यात वर ‘प्रहार’. 1991 चा, नाना पाटेकरांनी स्वतः दिग्दर्शित केलेला. या भूमिकेसाठी त्यांनी फौजेत राहून प्रशिक्षण घेतलं होतं आणि ते दिसतं. सिनेमाचा पूर्वार्ध म्हणजे नुसती ट्रेनिंग. धावणं, पडणं, शिव्या खाणं, पुन्हा धावणं. बाहेरच्या प्रेक्षकाला कंटाळा येत असेल, आम्हाला येत नाही, कारण नोकरी हीच असते. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जायबंदी होऊन घरी गेलेल्या जवानाचं मुंबईत पुढे काय होतं, हे विचारायची हिंमत त्या सिनेमाने केली. शेवट मला पटत नाही, मेजरने कायदा हातात घ्यावा हे कुठल्याच फौजीला पटू नये. पण गाडी स्टेशनवर उतरवून परत न जाता सिनेमा त्या जवानाच्या घरापर्यंत गेला, याबद्दल शंभर गुन्हे माफ.

हे सगळं मी इतकं का धरून बसलोय ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या प्लाटूनमधल्या एका जवानाचं पार्थिव घेऊन मी त्याच्या गावी गेलो होतो. चकमक झाली नव्हती. पावसात डोंगराचा रस्ता खचला आणि गाडी दरीत गेली. निघण्यापूर्वी त्याच्या ट्रंकेतल्या सामानाची यादी करायची होती. दोन साक्षीदार, एक लिहिणारा. बनियान तीन, दाढीचं सामान, घरच्यांचे फोटो, चपला, पेनड्राइव्ह एक. पेनड्राइव्हमध्ये काय आहे तेही बघावं लागतं. त्यात सतरा सिनेमे होते आणि बहिणीच्या लग्नाची शूटिंग. हा प्रसंग मी आजवर एकाही सिनेमात पाहिलेला नाही.

गावात लोक जमले होते. दोन-तीन जणांनी बाजूला घेऊन विचारलं, ‘गोळी कुठं लागली?’ मी सांगितलं, अपघात. त्यांच्या तोंडावर जे दिसलं त्याला निराशा म्हणावं की काय, मला कळेना. मग रात्री त्याच्या भावानं विचारलं, ‘दादा, शेवटचं काय म्हणाला तो?’ हा प्रश्न त्याचा नव्हता. हा प्रश्न त्याला सिनेमाने दिला होता. सिनेमात जवान मरताना मित्राच्या मांडीवर डोकं ठेवतो, आईचं नाव घेतो, देशाचं नाव घेतो, मग मान टाकतो. त्या पोराचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य होतं, ‘चहा आला का रे?’ मी तेच सांगितलं. भाऊ गप्प झाला. आत बसलेल्या आईने मात्र ते ऐकलं आणि ती रडता रडता म्हणाली, ‘चहाचाच होता माझा बाबू.’ तिला तिचा मुलगा त्या तीन-चार शब्दांत सापडला. मोठं भाषण रचून सांगितलं असतं तर कुणा दुसऱ्याचाच मुलगा तिच्या पदरात पडला असता.

म्हणून ‘सिनेमा तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. लोक मरण कसं असावं हे सिनेमात बघून ठरवतात, आणि मग त्यात न बसणारं मरण घरच्यांना कमी दर्जाचं वाटायला लागतं. हे ओझं आमच्या घरांवर पडतं.

आता प्रेमकथा, आणि त्याही इथल्याच.

‘रांझणा’ 2013 चा. बनारसच्या गल्ल्या, होळी, गंगा, रहमानचं संगीत, सगळं देखणं. पण नायक पोरीच्या मागे वर्षानुवर्षं फिरतो, ती नाही म्हणाली की हाताची शीर कापून घेतो, आणि सिनेमा त्याला प्रेमाचा महापुरुष करतो. माझ्या घरी मुलगी आहे. तिच्या मागे असा कुणी लागला तर मी गाणं लावणार नाही, चौकीवर जाईन. त्या पोरीला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जायचं असतं, याचा विचार सिनेमाला नाही. बॅरकमधल्या पोरांना तो फार आवडतो, आमचं त्यावरून भांडण ठरलेलं.

‘मसान’ 2015 चा, नीरज घेवान यांचा पहिला चित्रपट. कान महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले हे मला नंतर कळलं. मी तो इथे येण्यापूर्वी एकदा आणि इथे आल्यावर पुन्हा एकदा पाहिला. डोम घरातला दीपक इंजिनिअरिंग शिकतोय आणि घाटावर चिता जाळायचं घरचं कामही करतोय. ज्या मुलीवर त्याचं प्रेम आहे तीच एका रात्री बसच्या अपघातात जाऊन त्याच्या घाटावर येते. तो तिला हातातल्या अंगठीवरून ओळखतो. दुसऱ्या कुठल्याही सिनेमाने इथे मध्यंतर टाकलं असतं, किंवा त्याला वेडा तरी केलं असतं. ‘मसान’ त्याला काम संपवायला लावतो. मग मित्रांसमोर फुटू देतो. मग परीक्षा, नोकरी, दुसरं शहर. दीपकचं काम केलेला विकी कौशल हाच पुढे ‘उरी’तला मेजर झाला. एकाच नटाचे दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा. ‘उरी’त तो जास्त शूर दिसतो. पण मला विचाराल तर खरी ताकद त्या घाटावरच्या पोरात आहे, कारण त्याच्यासमोर शत्रू नाही. ज्याच्यावर चाल करून जायचं असं काही नाहीच.

आमच्या इथल्या एका गोरखा उस्तादाला मी ‘मसान’ दाखवला. बाराशे जणांसमोर ड्रिल घेणारा माणूस. संपल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग एवढंच म्हणाला की यात कुणी कुणाला सलाम ठोकत नाही, तरी फौजेचा सिनेमा वाटतो.

विनोदी सिनेमाला ही कसोटी कशी लावायची? सोपं आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या, 1988 चा. मराठी जवान असलेली एकही पलटण नसेल जिथे त्याचे संवाद तोंडपाठ असलेले चार जण सापडणार नाहीत. त्यात कुणी मरत नाही. पण चौघांना पुण्यात राहायला जागा नाही, ही अडचण पहिल्या मिनिटापासून खरी आहे. भाडं, मालकीण, पगार, खोली. दोघांना साड्या नेसायला लागतात त्या याच अडचणीपोटी. बॅरकमध्ये एका खाटेवरून भांडलेल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. अलीकडच्या बऱ्याच विनोदी सिनेमांत सगळ्यांकडे बंगला असतो आणि कुणालाच उद्याची काळजी नसते. मग तोंडं वेडीवाकडी करण्यावाचून हसवायचं कशावर?

भुताच्या सिनेमांचं माझं मत स्पष्ट आहे. रात्री दोन ते चार संत्री ड्युटी केलेल्या माणसाला दार करकरण्याची भीती वाटत नाही. त्याला भीती वाटते ती झोप लागण्याची. त्यामुळे बहुतेक भुतं मला बघून हसू येतं. अपवाद 2018 चा ‘तुंबाड’. राही बर्वे यांनी आपल्या कोकणच्या पावसात जी भीती उभी केली ती भुतापेक्षा हावेची आहे. नायक पुण्याहून पुन्हा पुन्हा त्या पडक्या वाड्यात जातो, कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो, मुद्रा काढतो, परत येतो. जणू नोकरीवर चाललाय. मग एक दिवस तेच काम तो आपल्या मुलाला शिकवतो. तिथे मला खरी भीती वाटली.

‘ब्रह्मास्त्र’मध्येही वाराणसी आहे, 2022 चा. मुलं घरी आवडीने बघतात. मला त्यात एवढंच दिसलं की आगीचे गोळे फेकायला अरुंद गल्ल्या बऱ्या पडतात. ज्या शहरात आग विझू देत नाहीत म्हणतात, तिथे जाऊन खोटी आग दाखवायची, याला काय म्हणावं?

या घाटांवरचे दोन सिनेमे मात्र जरूर बघा.

पहिला सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’, 1956 चा. 1957 मध्ये त्याला व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बंगाली आहे, काळापांढरा आहे, पहिली वीस मिनिटं धीर धरा. अपूचे वडील काशीतल्या खोलीत जातात. मुलगा गंगेचं पाणी आणतो, तोंडात घालतात, मान कलते आणि कबुतरांचा थवा उडतो. यापुढे भाषण नाही. त्यानंतर आई एका श्रीमंताच्या घरी कामाला लागलेली दिसते आणि आपला मुलगा तिथेच त्या घरच्यांची किरकोळ कामं करताना बघते. तिच्या नजरेतूनच कळतं की आता ही इथून निघणार. नवरा गेल्यावर बाईला काय काय ठरवावं लागतं ते इतक्या कमी बोलून दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

दुसरा ‘मुक्ती भवन’, शुभाशिष भुतियानी यांचा, 2016 चा. म्हातारे वडील म्हणतात, माझी वेळ आली, मला काशीला ने. मुलगा ऑफिसातून कशीबशी सुट्टी काढून नेतो. मरायला आलेल्यांसाठी खोल्या देणारं मुक्ती भवन इथे खरोखर आहे आणि तिथे मुदतही असते. सिनेमात पंधरा दिवसांची. वडील काही जात नाहीत. मुलाचा फोन वाजत राहतो, साहेब विचारतो कधी येणार. हा सिनेमा लोक विनोदी म्हणून बघतात आणि तो आहेही. पण फौजीला त्यातली गंमत जरा खोल लागते. वडील अंथरुणावर, आपली सुट्टी पंधरा दिवस, आणि रोज सकाळी मनात जो हिशोब चालतो तो कुणाला सांगता येत नाही. माझे वडील मी सुट्टी संपवून परतीच्या गाडीत बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. सिनेमातले वडील मुलाला स्वतःच म्हणतात, तू जा. हे बघताना मला बरं वाटलं. का, ते नेमकं सांगता येणार नाही.

आता देवादिकांच्या सिनेमांबद्दल, कारण आपलं मूळ तिथेच आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके या हॉटेलात काम करणाऱ्या माणसाला लुगडं नेसवलं. हे सगळं आपल्याला परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे ठाऊक आहे. 1932 साली प्रभातने काढलेला ‘अयोध्येचा राजा’, जो पहिला मराठी बोलपट मानतात, त्याचीही कथा हरिश्चंद्राचीच. आणि फाळके स्वतः 1920 च्या सुमारास कंपनीतल्या मतभेदांना कंटाळून सहकुटुंब काशीला येऊन राहिले होते. ‘रंगभूमी’ हे नाटक त्यांनी इथेच लिहिलं.

पण हरिश्चंद्राची गोष्ट जरा फौजीच्या नजरेनं बघा. राजा काशीत येऊन विकला जातो आणि मसणात डोमाची नोकरी करतो. ड्युटीवर असताना स्वतःची बायको स्वतःच्या मुलाचं प्रेत घेऊन येते, आणि तो तिच्याकडेही मसणाचा कर मागतो. देव नंतर प्रकट होतात, मुलगा उठतो, राज्य परत मिळतं, ते पुराणापुरतं ठीक. गोष्टीचा जीव त्या कर मागण्यात आहे. फाळक्यांनी पहिल्या सिनेमासाठी निवडली ती ही गोष्ट, कामावर उभ्या असलेल्या आणि आतून तुटलेल्या माणसाची. त्यानंतर एकशे दोन वर्षांनी ‘मसान’मधला दीपक तिथेच, तशाच अवस्थेत उभा राहिला, फक्त त्याच्यासाठी देव प्रकट झाले नाहीत. चाळीस-पन्नास गाड्या उडवणारे सिनेमे आपल्याकडे नंतर आले. सुरुवात मात्र मसणातून झाली होती आणि ती मला अजून योग्य वाटते.

तर माझी यादी अशी. युद्धपटांत ‘प्रहार’, प्रेमकथेत ‘मसान’, विनोदात ‘बनवाबनवी’, भयात ‘तुंबाड’, आणि आईवडील थकले असतील तर ‘मुक्ती भवन’ त्यांच्यासोबत बसून बघा, ते तुमच्या आधी हसतील. ‘बॉर्डर’ही बघा, मीही पुन्हा बघणार आहे, पण भैरोसिंग राठोड घरी परतले होते हे पोरांना सांगून मग लावा.

आणि कुणाच्या दारात असा प्रसंग आला, तर घरच्यांना शेवटचं वाक्य विचारू नका. ताटात काय वाढलंय ते बघा, गुरांना पाणी दाखवलंय का ते बघा. पेन्शनचे कागद भरायला कुणी बसणारं आहे का, तेही विचारा.